हळद, चुन्याची निवळी व खाऱ्या कुंडाचा सामू

जुन्या कागदांच्या शोधांत हिंडणाऱ्यास रुमाल सुटेपर्यंत यजमानांच्या घरीं जें दृष्टीस पडेल तें पाहत बसावें लागतें. गेल्या आश्विनांत कोल्हापुरांतील एका स्नेह्यांकडे आम्ही असेच बसलों होतों. माजघरांत, स्वयंपाकघराच्या दाराशेजारीं, कांचेचें एक मोठें कुंड होतें व त्यांत खाऱ्या पाण्यांतले मासे होते. समुद्र येथून रत्नागिरीच्या वाटेनें सुमारें १३० किलोमीटर दूर, मध्यें सह्याद्रीचा घाट, आणि शहर समुद्रसपाटीपासून सुमारें साडेपांचशें मीटर उंचीवर. अशा ठिकाणीं नारिंगी अंगावर पांढरे पट्टे मिरविणारे मासे पोहतांना पाहून आम्हांस कौतुक वाटलें. रुमालांतून त्या दिवशीं कांहीं विशेष निघालें नाहीं. कुंडाशेजारच्या खिळ्यास टांगलेली एक वही मात्र निघाली, व प्रस्तुत लेख त्या वहीमुळें लिहावा लागत आहे.

वहींत तीन रकाने होते: तारीख, सकाळचा अंक व सायंकाळचा अंक. हे अंक कुंडांतील पाण्याच्या सामूचे. इंग्रजींत ज्यास पी.एच. म्हणतात त्यासच आपल्याकडील मातीपरीक्षणाच्या पत्रकांत 'सामू' असें म्हणतात. कोल्हापुराकडील ऊस पिकविणाऱ्यास हा शब्द नवा नाहीं. समुद्राच्या पृष्ठभागावरील पाण्याचा सामू ८.१ च्या आसपास असतो, व खाऱ्या कुंडांत तो ८ पासून ८.४ पर्यंत असावा असा जाणत्यांचा संकेत आहे. स्नेह्यांच्या वहींत वैशाखाअखेर ८.१, ८.२ असेच अंक होते. ज्येष्ठाच्या उत्तरार्धापासून ते उतरूं लागले: ८.०, ७.९, पुढें सकाळीं ७.७ व सायंकाळीं ७.९. तेव्हांपासून समासांत शेरे सुरू झाले: 'खाण्याचा सोडा एक चमचा', 'सोडा दोन चमचे'. अंक कांहीं चढेना, चमचे मात्र वाढत गेले. श्रावणांतील एका पानावर एवढेंच होतें: 'पंप अडकला. दोन गेले.'

गेले ते मासे. स्नेही आम्हांस म्हणाले, "आपण जन्मभर दुसऱ्यांच्या वह्या वाचतां, ही माझी वाचून सांगा." रसायनशास्त्रांत आमची गति बेताचीच. तथापि कोणत्याही दप्तरांतील अंक समजून घेण्यापूर्वीं तो अंक कोणीं, कशानें व कशाकरितां मोजला हें पाहावें लागतें, आणि तें पाहूं लागतांच आमच्या स्वतःच्या स्वयंपाकघरापर्यंत येणारा एक इतिहास हातीं लागला.

सामूचा आंकडा फार जुना नाहीं. कोपनहेगन येथील कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेंत एस. पी. एल. सोरेन्सन या डेन्मार्कच्या रसायनज्ञानें इ. स. १९०९ मध्यें तो प्रथम सुचविला. ही प्रयोगशाळा एका मद्य गाळणाऱ्या कारखान्यानें चालविलेली होती, आणि पाचक द्रव्यांचें कार्य आम्लतेच्या किती प्रमाणांत चांगलें होतें हें ठरवितांना सोरेन्सनला हायड्रोजनच्या कणांचे लांबलचक अपूर्णांक लिहावे लागत. ते टाळण्यासाठीं त्यानें लॉगॅरिथमचा आश्रय केला. म्हणून या मापांत ७ म्हणजे ना आम्ल ना अल्क, खालीं आम्ल, वर अल्क. आणि अंक एकानें उतरला तर आम्लता दसपट वाढली असें समजावयाचें. ८.२ वरून ७.८ वर येणें हें कागदावर क्षुल्लक दिसतें, पण तेवढ्यांत हायड्रोजनचे कण अडीचपट झालेले असतात. हा हिशेब वरवर पाहणाऱ्यास फसवितो. गेल्या दोन शतकांत सर्व महासागरांचा सामू सरासरीनें ०.१ उतरला आहे असें सांगितलें म्हणजे ऐकणारा स्वस्थ राहतो. त्याचा अर्थ आम्लता सुमारें पंचवीस टक्क्यांहून अधिक वाढली असा होतो हें त्याच्या ध्यानीं येत नाहीं.

त्याच १९०९ सालीं मद्रासच्या किनाऱ्यावर खाऱ्या पाण्याचें मत्स्यालय लोकांकरितां उघडलें. त्याची योजना मद्रास संग्रहालयाचे अधीक्षक एडगर थर्स्टन यांनीं आंखली होती. कोपनहेगनशीं त्याचा कांहीं संबंध नव्हता, व तेथील माशांस पाणी कमी पडण्याचेंही कारण नव्हतें, कारण समुद्र दाराशीं होता. मुंबईस मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ मध्यें राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्तें उघडलें गेलें, तेंही समुद्राच्या कुशींतच. अशा ठिकाणीं पाणी बिघडलें तर नवें पाणी ओढून घेतां येतें. अडचण उत्पन्न होते ती कोल्हापुरासारख्या, समुद्र न दिसणाऱ्या गांवीं. आणि म्हणून खाऱ्या कुंडाचा खरा इतिहास किनाऱ्यावर शोधण्यापेक्षां किनाऱ्यापासून दूर असलेल्या घरांतच शोधला पाहिजे.

तत्पूर्वीं परीक्षेचा इतिहास पाहूं. आंकडा नवा असला तरी रंगावरून आम्ल व अल्क ओळखण्याची रीति जुनी आहे. रॉबर्ट बॉइल यानें १६६४ मध्यें रंगांवर ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत बनफशाच्या फुलांचा अर्क आम्लानें तांबडा व अल्कानें हिरवा होतो हें सांगून त्याचा परीक्षेसाठीं उपयोग सुचविला. पुढें स्वीडनचा टॉर्बर्न बर्गमन यानें १७७८ च्या सुमारास खनिज पाण्याच्या पृथक्करणाची पद्धति बसविली, तींत ज्या रंगीत कागदी पट्ट्या सांगितल्या त्यांत एक पट्टी हळदीची होती. म्हणजे युरोपांतील झऱ्यांचें पाणी तपासण्यास आपल्याकडील हळकुंड गेलें, आणि पुढें शंभर वर्षांहून अधिक काळ युरोपांतील रसायनशाळांत हळदीचा कागद ठेवलेला असे.

आपल्याकडे ही गोष्ट कोणास शिकवावी लागली नाहीं. हळदीचा डाग पडलेलें धोतर साबणानें धुतांना तांबडें होतें, व उन्हांत वाळल्यावर फिकें पडतें, हें प्रत्येक घरांत पाहिलेलें आहे. कर्नाटकांत ओवाळण्याकरितां हळद व चुना पाण्यांत कालवून लाल पाणी करितात. येथें एका गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. कुंकू म्हणजे चुना लावलेली हळद, असें पुष्कळ ठिकाणीं लिहिलेलें आढळतें. चुन्याची हळद करून तें विकणारे असतीलही. परंतु जुन्या रीतीनें हळकुंडास लिंबाचा रस, तुरटी व टांकणखार यांचीं पुटें देऊन जें कुंकू करितात, त्याचा रंग निराळ्या कारणानें येतो. टांकणखारांतील बोरॉन हळदीच्या रंगद्रव्याशीं आम्लाच्या सान्निध्यांत जोडला जाऊन तो तांबडा रंग बनतो. चुन्यानें आलेला तांबडेपणा लिंबू पिळतांच जातो. टांकणखाराचा लिंबाच्या रसांतच जन्मलेला असल्यामुळें टिकतो. ज्यांच्या संग्रहांत हळदकुंकवाचे शिंतोडे उडालेलीं पूजेचीं पोथ्यांचीं पानें आहेत, त्यांस हा भेद उपयोगी पडावा.

आम्ल व अल्क परस्परांस मारतात, ही जाणीवही आपल्या ग्रंथांत आहे. सुश्रुताच्या सूत्रस्थानांतील क्षारपाकाच्या अध्यायांत झाडांची राख, भाजलेले शंख-शिंपले व चुनखडीचे दगड यांपासून तीक्ष्ण क्षार करण्याची कृति दिली आहे, आणि क्षारानें पोळलेल्या जागीं आंबट पदार्थ लावावा, असें सांगून आंबटानें क्षाराचा दाह कां शमतो याचीही चर्चा केली आहे. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनीं आपल्या हिंदु रसायनशास्त्राच्या इतिहासांत (पहिला भाग १९०२, दुसरा १९०९) या प्रकरणाचें महत्त्व दाखवून दिलें. परंतु यावरून आमच्या पूर्वजांस सामू माहीत होता असें म्हणणाऱ्यांशीं आमचा मतभेद आहे. त्यांस ओळख होती, माप नव्हतें. ओळखीनें व्रण बरा करतां येतो; ७.८ आणि ८.२ यांतला भेद ओळखीनें कळत नाहीं, व मासा त्याच भेदावर जगतो किंवा मरतो.

हें लिहितांना आम्हांस एक चमत्कारिक योगायोग आढळला. हळदीचा पिवळा रंग सामू ७.४ च्या पुढें बदलूं लागतो व ८.६ च्या सुमारास पुरता तांबूस होतो. समुद्राच्या पाण्याचा सामू नेमका या दोहोंच्या मध्यें पडतो! तेव्हां कुंडाची परीक्षा हळदीनें कां होऊं नये, असें मनांत आलें, आणि स्नेह्यांच्या घरीं आम्हीं ती करूनही पाहिली. हळदीच्या अर्कांत भिजवून वाळविलेली पट्टी कुंडाच्या पाण्यांत बुडविली. ती किंचित् नारिंगी झाली. नवें पाणी करून त्यांत दुसरी बुडविली. तीही किंचित् नारिंगीच झाली. दोघांत अधिक नारिंगी कोणती यावर घरांतील चार माणसांचीं चार मतें पडलीं. रंग इतक्या हळूहळू पालटतो कीं तेथें डोळ्याची साक्ष चालत नाहीं. शिवाय खाऱ्या पाण्यांत रंगीत द्रव्यें गोड्या पाण्यांतल्याप्रमाणें वागत नाहींत; मिठामुळें त्यांचा रंग थोडा सरकतो. हा दोष स्वतः सोरेन्सन यानेंच ओळखला होता, आणि पालित्श या सहकाऱ्याबरोबर त्यानें १९१० मध्यें समुद्राच्या पाण्याचा सामू मोजण्याविषयीं जें लिहिलें त्यांत या 'मिठाच्या चुकी'चा हिशेब केला आहे. आज बाजारांत मिळणाऱ्या थेंब टाकून रंग पाहण्याच्या कुप्यांपैकीं गोड्या पाण्याची कुपी खाऱ्यास वापरूं नये असें सांगतात, त्याचें मूळ येथें आहे.

डोळ्याऐवजीं कांचेच्या नळीनें सामू मोजण्याचें तत्त्व सोरेन्सनच्याच काळांत निघालें, पण तें सर्वांच्या हातीं आलें १९३४ नंतर. कॅलिफोर्नियांतील लिंबांच्या रसाची आम्लता मोजणें तेथील बागाइतदारांच्या रसायनज्ञास कठीण जात होतें, म्हणून आर्नोल्ड बेकमन यानें त्याच्याकरितां जें यंत्र जुळविलें त्यांतून आजचा सामूमापक आला. लिंबाच्या रसाकरितां निघालेलें यंत्र ऊसाच्या रसाच्या गांवीं यावें हें योग्यच झालें. कोल्हापुरी गुळाचें मर्म तरी दुसरें काय आहे? ऊसाचा ताजा रस आंबटसर, सामू पांचाच्या थोडा वर. गुळव्या काहिलींत चुन्याचें पाणी टाकतो, तेव्हां तो आंबटपणा मरतो, मळी वर येते व गूळ घट्ट बसतो. चुना कमी पडला तर गूळ पाझरतो, अधिक पडला तर काळवंडतो. या दोहोंमधली रेषा गुळव्यानें पिढ्यान्पिढ्या रसाच्या रंगावरून व उकळीवरून साधली, आणि शाहू छत्रपतींनीं १८९५ मध्यें वसविलेल्या शाहूपुरीच्या पेठेंत त्या कौशल्याचें मोल झालें. २०१४ मध्यें कोल्हापुरी गुळास भौगोलिक मानांकन मिळालें, त्यांत या चुन्याच्या अंदाजाचाही वांटा आहे असें आम्ही समजतों.

आतां किनाऱ्यापासून दूर ठेवलेल्या खाऱ्या पाण्याकडे वळूं. ॲना थिन या इंग्रज बाईंनीं १८४६ मध्यें टॉर्कीच्या किनाऱ्यावरील जिवंत प्रवाळ लंडनला आपल्या घरीं आणले. बाईंपाशीं पंप नव्हता. तें पाणी एका भांड्यांतून दुसऱ्यांत, उघड्या खिडकीसमोर, पुन्हां पुन्हां ओतण्याचें काम त्यांनीं दासीकडे सोंपविलें होतें, आणि या ओतण्यावर ते प्रवाळ जगले. ही हकीकत पुष्कळदां गंमत म्हणून सांगितली जाते. त्या खिडकीकडे वाचकांनीं लक्ष ठेवावें. तिच्याकडे आम्हांस परत यावयाचें आहे.

पुढें १८५३ मध्यें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, व १८५४ मध्यें फिलिप गॉस यानें समुद्रापासून दूर राहणारांसाठीं बनावट समुद्रजलाची कृति प्रसिद्ध केली. ब्रायटनच्या समुद्राचें श्वाइट्झरनें केलेलें पृथक्करण त्यानें आधारास घेतलें. त्यांत हजार भागांत मीठ २७ भागांहून थोडें अधिक, आणि कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपल्या खडूचें व शिंपल्याचें द्रव्य, अवघें ०.०३३. इतक्या अल्प द्रव्यासाठीं कोण खटपट करणार? गॉसनें तें गाळलें. जें थोडें लागेल तें कुंडांतले दगड, शिंपले व वाळू यांतून पाण्यास मिळेल असें त्याचें म्हणणें. मीठ, मॅग्नेशियमचे दोन क्षार व पोटॅशचा एक एवढ्यांवर त्यानें पाणी केलें आणि त्यांत जीव जगवून दाखविले, यासाठीं त्याची थोरवी मान्य केलीच पाहिजे.

परंतु सामूच्या दृष्टीनें सगळा समुद्र त्या गाळलेल्या ०.०३३ मध्यें होता. समुद्राच्या पाण्यांत बायकार्बोनेट व कार्बोनेट मिळून आम्ल पचविण्याची एक शक्ति असते. पाठ्यपुस्तकांत तिला अल्कता म्हणतात. सामू हा त्या क्षणाचा भाव, आणि अल्कता ही पेवांत उरलेली गंगाजळी. मासे श्वास सोडतात, त्यांतील कार्बन डायॉक्साइड पाण्यांत जाऊन आम्ल होतें. माशांच्या मलांतील अमोनियाचें सूक्ष्म जंतू नायट्रेट करितात, त्यांतही आम्ल निघतें. दिवसा कुंडांतील शेवाळ तो वायु खातें, म्हणून सायंकाळीं सामू चढलेला असतो. रात्रीं खाणारें कोणी नसतें, म्हणून पहांटे तो तळास गेलेला असतो. पेवांत धान्य असेल तोंवर ही रोजची चढउतार दोनतीन दशांशांवर थांबते. समुद्रांतली अल्कता जर्मन अंशांनीं मोजली तर सातच्या आसपास भरते, व कुंडांत ती सात ते दहांत ठेवितात. पेंव रिकामें झालें तर सामू कोसळतो. म्हणून नुसता सामू मोजणारा आणि अल्कता न मोजणारा मनुष्य हा खजिन्यांत शिल्लक किती हें न पाहतां रोजचा बाजारभाव तेवढा लिहून ठेवणाऱ्या कारकुनासारखा होय.

गॉसच्या तर्कांतील दुसरी उणीव आजही घरोघरीं आढळते. कुंडाच्या तळाशीं शिंपल्यांची वाळू घातली कीं सामू आपोआप राखला जातो, अशी समजूत आहे. वास्तविक समुद्राच्या पृष्ठभागावरचें पाणी या द्रव्यानें इतकें तृप्त असतें कीं सामू ८.१ किंवा ८.२ असतां शिंपला त्यांत विरघळतच नाहीं. पाणी बरेंच आम्ल झालें म्हणजे मग तो विरघळूं लागतो. हा राखणदार चोर घरांत शिरल्यावर जागा होतो.

मग पेंव भरावें कसें? कांहीं पाणी काढून नवें खारें पाणी घालणें हा सर्वांत निर्धोक मार्ग. महिन्याकाठीं दहावा किंवा पांचवा हिस्सा बदलला तर माशांच्या साध्या कुंडास बहुधा तेवढें पुरतें. दुसरा मार्ग जर्मनीकडून आला असें सांगतात. पीटर विल्केन्स यानें १९७० नंतरच्या दशकांत तो प्रचारांत आणला, व जगभरचे कुंडवाले त्यास अजून 'काल्कवासर' या जर्मन नांवानेंच ओळखतात. हें नांव ऐकून स्नेही भारावलेले दिसले. काल्कवासर म्हणजे चुन्याची निवळी! आपल्या आजीनें विड्याच्या डब्यांतल्या चुन्यावर पाणी घालून, तो खालीं बसल्यावर वरचें नितळ पाणी लहान मुलाच्या पोटासाठीं काढून ठेवलें, तेंच. तिच्यावर जी पातळ साय धरते ती हवेंतील कार्बन डायॉक्साइड खाऊन झालेली खडूची पापुद्री. आणि कुंडांत ती नेमकें हेंच करिते, तो वायु खाते व त्याचें बायकार्बोनेट करून पेवांत टाकते. कोंकणांत तर चुना शिंपले भाजूनच करीत आले आहेत, तेव्हां समुद्रांतून निघालेलें द्रव्य भट्टींतून, घाटावरून, पुन्हां खाऱ्या पाण्यांत जातें.

मात्र या निवळीचा सामू १२ च्या वर असतो, हें विसरतां कामा नये. लिटरभर पाण्यांत चुना दीड-पावणेदोन ग्रॅमच विरघळतो (आणि पाणी ऊन केलें तर अधिक न विरघळतां कमी विरघळतो), तरीही ती एकदम ओतली तर मासे भाजल्यासारखे होतील. कुंडांतील जें पाणी वाफ होऊन जातें तेवढ्याच भरपाईपुरती, थेंबथेंब, रात्रीच्या वेळीं ती द्यावयाची. कोल्हापुरांत आषाढ-श्रावणांत वाफ फारशी होत नाहीं, म्हणून त्या दिवसांत निवळीस वावही थोडाच. शिवाय चुना निर्मळ, खाण्याच्या प्रतीचा पाहिजे. सामू घाईनें चढविण्यांत आणखी एक धोका आहे. पाण्यांत सांचलेल्या अमोनियाचा विषारी भाग सामू एका अंकानें चढतांच जवळजवळ दसपट होतो; ज्या कुंडांत अमोनिया आहे तेथें सामू सुधारणारा मनुष्य माशांस औषधाऐवजीं विष पाजतो.

इतकें समजल्यावर आम्ही पुन्हां वहीकडे वळलों. पहिला संशय मोजणाऱ्यावर घ्यावयाचा, या रीतीप्रमाणें सामूमापक ७ व १० या ठराविक सामूच्या द्रावणांत बुडवून तपासला, तो ०.०३ नें चुकत होता, म्हणजे साक्षीदार विश्वासू होता. मग अल्कता मोजली. ती निघाली साडेबारा अंश! पेंव रिकामें नव्हतें. सोड्याच्या चमच्यांनीं तें शिगोशीग भरलें होतें. आणि अधिक भरल्यामुळेंच त्यांतील चुना पांढऱ्या कवचाच्या रूपानें पंपाच्या चक्रावर बसला, चक्र रात्रींतून थांबलें व पाणी न हलल्यामुळें श्रावणांतले ते दोन मासे गुदमरले. अंक उतरला होता हें खरें, पण ज्या कारणास्तव तो उतरला असें मानून उपाय झाला तें कारणच नव्हतें.

खरें कारण समासांत सांपडलें. भाद्रपदांत पांच दिवस ८.०, ८.१, ८.१ असे अंक होते, व तेथें सोड्याचा शेरा नव्हता. समासांत एकच शब्द: 'गणपति'. स्नेह्यांस विचारलें तेव्हां ते म्हणाले, "त्या दिवसांत सोडा घालण्यास फुरसत कोणास होती? दिवसभर माणसांची ये-जा." दारें उघडीं होतीं काय? होतीं, आरास पाहण्यास लोक येत होते. आणि एरवीं? ज्येष्ठापासून झड आंत येऊं नये म्हणून माजघराच्या खिडक्या बंद, शेजारीं स्वयंपाकाचा गॅस, घरांत आठ माणसें. त्या कोंडलेल्या हवेंतला कार्बन डायॉक्साइड पाणी पीत होतें, आणि कुंडांत हवेचे बुडबुडे सोडणारें यंत्र तीच हवा त्यांत घालीत होतें. सोड्यानें हा वायु जात नाहीं. ॲना थिन यांच्या दासीनें पाणी ज्या खिडकीसमोर ओतलें तिचें महत्त्व येथें कळतें.

तरी अनुमानावर न थांबतां आम्हीं एक परीक्षा केली. ती कोणासही करतां येईल. कुंडांतलें पाणी पेलाभर काढून सामू पाहिला, तो ७.८. तोच पेला अंगणांत नेऊन तासभर त्यांत हवेचे बुडबुडे सोडले. पुन्हां मोजला तो ८.३. पाण्यांत कांहीं घातलें नव्हतें. घरांत दुसरा पेला तितकाच वेळ बुडबुड्यांखालीं ठेवला होता, तो ७.८ वरच राहिला. हवेची नळी खिडकीच्या फटींतून बाहेर काढल्यावर तिसऱ्या दिवशीं सायंकाळीं कुंडाचा अंक ८.१ झाला. सोडा बंद केला. पाणी आठवड्यास थोडें थोडें बदलून अल्कता नऊवर आणण्यास दीड महिना लागला.

रुमालांचे जे धनी हा लेख येथवर वाचीत आले असतील त्यांच्यासाठीं एक गोष्ट राहिली. एकोणिसाव्या शतकांत तुरटी व राळ यांची खळ देऊन यंत्रावर जो कागद होऊं लागला तो स्वतःच्या आम्लानें पिवळा पडून तुटतो. जुन्नरी किंवा दौलताबादी हातकागद त्या मानानें बरा टिकतो, हें आपण सर्व पाहतों. अमेरिकेंत व्हर्जिनियांत विल्यम बॅरो यानें १९४० नंतरच्या दशकांत अशा कागदांसाठीं जी रीति बसविली, तींत कागद प्रथम चुन्याच्या निवळींत व नंतर कॅल्शियम बायकार्बोनेटच्या पाण्यांत भिजवीत. निवळीनें आम्ल मरतें. दुसऱ्या पाण्यानें कागदांत थोडें कार्बोनेट मागें राहतें व तें पुढें येणारें आम्ल पचवितें. गॉसनें गाळलेलें द्रव्य तेंच. जाणत्याच्या देखरेखीवांचून हा प्रयोग कोणीं आपल्या दफ्तरावर करूं नये; शाई पाण्यांत उतरणारी असली तर आम्ल जाईल व अक्षरही जाईल.

गेल्या पौषांत आम्ही त्या घरीं पुन्हां गेलों होतों. कुंडांत तीन नवे मासे होते. वहींत आतां पांच रकाने झाले आहेत: तारीख, सकाळचा सामू, सायंकाळचा सामू, आठवड्याची अल्कता, आणि शेवटचा, 'खिडकी'.